सव्वा मूठ झालर

नशिराबाद, २१ जून

प्रिय दीपा,

पुनमचा लाल पोशाख वर आहे आणि हे पत्र त्याच्या खाली, बकरमच्या कडक कापडाच्या तुकड्यांमध्ये. तुमच्या नाचाच्या ग्रुपमधली ही पुनम फोनवर म्हणाली की खोकं ती तुझ्यासमोरच उघडते, म्हणून ही जागा निवडली. फोन करू नकोस असं तू सांगितलंस, ते मी पाळते आहे. "वहिनी, तुझ्या आवाजामागे आपल्या घरातली भांडी ऐकू येतात," म्हणाली होतीस. पत्रात भांडी वाजत नाहीत. तरी नको वाटलं तर बकरमसोबत टाकून दे.

आधी कामाचं. पुनमला सांग, पट्ट्याचा हूक श्वास भरून घेऊन लावायचा, सोडून नाही. मागच्या वेळी तिने उलटं केलं आणि ऐन नाचात हूक उडाला. हॉटेलातल्या एका गृहस्थाच्या ताटात पडला म्हणे. आईंना हे सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता तुझं. पुनम म्हणाली की तुला जयपूरला एकटीचा नाच मिळाला आहे, दिवाळीनंतर. ग्रुपमध्ये मागच्या ओळीत नाही, मध्ये एकटी. आणि नवा पोशाख हवा आहे. तू स्वतः हे सांगितलं नाहीस, पण 'नशिराबादचाच हवा' एवढं म्हणालीस, असं तिने दोनदा सांगितलं. मला तेवढं पुरलं.

तिने तुझं माप पाठवलं. मी आईंना वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "हाई कोनं माप शे? मनी आंडेर इतली बारीक नही."

मी म्हटलं, "आई, तुमची लेक घर सोडून गेली त्याला चार वर्षं झाली. वाळली असेल."

जेवताना त्यांची अर्धी भाकरी ताटात राहिली.

आपला पहिला पट्टा आठवतो? तू जळगावला कॉलेजात होतीस. मोबाइलवर कुठल्याशा बाईचा बेली डान्स बघून आलीस आणि म्हणालीस, वहिनी, मला अस्संच शिवून दे. मी ब्लाउज शिवणारी बाई. माझ्या डोक्यात कंबरपट्टा म्हणजे कंबरेवर बसणारी सरळ पट्टी, तशीच कापली. खोलीचं दार लावून आरशासमोर तू दोन झटके दिलेस आणि पट्टा चढत चढत बरगड्यांपर्यंत गेला. आई खिडकीतून बघत होत्या ते आपल्याला कळलंच नव्हतं. "हाऊ पट्टा शे का लिफ्ट?" म्हणाल्या. मग आत आल्या, तुझ्या कमरेच्या हाडावर बोटाने बाकदार रेघ ओढली. "आठे बसाड. घागर बसस तठे." पाणी भरून आणलेल्या बाईला माहीत असतं, घागर कुठे बसते आणि कुठून घसरते. त्या दिवसापासून मी पट्टा तसाच कापते, दोन्ही बाजूंना घागरीचा बाक देऊन. पुनमच्या मैत्रिणी विचारतात, तुमचा पट्टा सरकत का नाही. मी हसते.

झालरही आईंचीच. मण्यांची सर किती लांब सोडायची ते त्या मुठीने ठरवतात. दोरा मुठीत धरायचा, मुठीच्या खाली आणखी एक बोट. सव्वा मूठ. सगळे त्यांच्या हाताला हसायचे ना, बाईचा पंजा आहे की पाटलाचा. तोच पंजा तुझ्या दादाने उचलला आहे.

मुठीवरून आठवलं. पुनमने मला विचारलं, "वहिनी, दीपा सारखी म्हणते की माझी मूठ पडेल त्या वर्षी घरी जाईन. ही मूठ काय आहे?" मी तिला सांगितलं. आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक जिवंत माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. लग्न झालेल्या मुलीची मूठ सासरी पडते, लग्न व्हायचं असेल तर आपल्याकडे. गेलेल्या माणसाची मूठ बंद होते. जेवढे रोट होतील तेवढे घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, पौर्णिमेपर्यंत संपवायचे.

पुनम म्हणाली, "मग दीपाची मूठ?"

"तिच्या दादाने बंद केली."

ती म्हणाली, "म्हणजे मेलेली?"

दीपा, चार श्रावण मी त्या गव्हासमोर बसले आहे आणि हा शब्द माझ्या मनात आला नव्हता. त्या परक्या मुलीला लगेच सुचला.

यंदा मी बोलणार आहे. तुला मोरपंखी रंग आवडेल का ते पुनमकडून कळव.

तुझी,
रूपाली वहिनी


नशिराबाद, २४ जुलै

प्रिय दीपा,

या खोक्यात पुनमच्या मैत्रिणीचे दोन पोशाख आहेत. तुझा अजून झालेला नाही, पण पट्टा कापून, आत सुती अस्तर लावून तयार आहे. मोरपंखीच. तुझा निरोप आला नाही, पण आईंनी कापड गालाला लावून बघितलं आणि ठरवून टाकलं.

पट्ट्यावर लावायची नाणीही त्यांनीच निवडली. मी जळगावहून थैलीभर आणली होती. त्या खाटेवर बसून एकेक नाणं नखाने वाजवत होत्या. पातळ पत्र्याचं आलं की, "हाई भांडखोर शे, काढ." जाड पितळेचं आलं की नुसती मान. पिंपळनेरच्या बाजारात त्या लहानपणी मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायांजवळ जाऊन बसायच्या ना, ती गोष्ट परत सांगितली. आजीने वांगी आणायला पाठवलं आणि त्या मणी घेऊन घरी गेल्या. माराची गोष्टसुद्धा त्या हसतच सांगतात.

झालर ओवायला बसल्या आहेत. प्रत्येक सर वेगळी, प्रत्येक सरीला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटली तरी बाकीच्या राहतात. मी म्हटलं, "आई, एकाच दोऱ्यात ओवलं तर लवकर होईल." तर म्हणाल्या, "आनि एक तुटनी का बठ्ठा खाली." त्यांचं काम जरा हळू चाललं आहे. पावसाळी हवा आहे, हात थोडे सुजतात. काळजीचं काही नाही.

तुझ्या दादाशी बोलले. केळीची गाडी भरून आला होता, पाय धूत होता. ती वेळ मी मुद्दाम निवडली, कारण पाय धुताना माणूस उठून जाऊ शकत नाही.

"यंदा दीपाची मूठ टाकू या," मी म्हटलं.

तो पाय चोळत राहिला. "येते का ती?"

"मूठ पडली तर येईन म्हणते."

"अन् नाही आली तर? तिचा रोट कोण खाईल? उरला तर काय करू, उकिरड्यावर टाकू कानबाईचा रोट?" मग म्हणाला, "तिनं आधी यावं. माझ्यासमोर बसावं. मी मूठ टाकतो."

"ती म्हणते आधी मूठ."

"मग बसा दोघी मुठी आवळून."

दीपा, मला राग आला, आणि तरी खरं सांगते, त्याचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. झुलाल आबांनी पारावर सगळ्यांसमोर तुझ्या नाचाचा व्हिडिओ मोठा करून दाखवला होता, तो दिवस तो अजून विसरलेला नाही. "बघ समाधान, पोट तर तुमच्याच घरचं दिसतं," असं म्हणाले होते आबा. सगळे हसले होते. तो घरी येऊन तुझ्याशी जे बोलला, ते खरं तर आबांना बोलायचं होतं. पण आबा भाऊबंदकीत थोरले. बहीण धाकटी.

आणि तुला हेही लिहायला हवं की माझी खोकी जळगावला कुरिअरवर तोच नेतो. पत्ता वाचत नाही असं दाखवतो. पण मागच्या वेळी खोक्याची चिकटपट्टी सुटत होती, तर केळीच्या घडांना बांधायची सुतळी आणून त्याने स्वतः ते आवळून बांधलं. "वाटेत पाऊस आहे," एवढंच म्हणाला.

तू एक पाऊल ये. रुसव्याला काही काळवेळ नसते, पण माणसांना असते.

तुझी,
रूपाली वहिनी


नशिराबाद, ९ ऑगस्ट

दीपा,

हे पत्र पोशाखासोबत नाही, पोस्टाने पाठवते आहे. खोक्याची वाट बघायला वेळ नाही.

तुझी मूठ पडली.

आता ती कशी पडली ते वाच, मग आनंद कर किंवा करू नकोस.

काल गहू मोजला. दरवर्षीसारखी भाऊबंदकी ओसरीवर, झुलाल आबा मध्ये, नावं घ्यायला. परातीसमोर आई. घरातली थोरली बाई म्हणून मूठ त्यांचीच. आबा नाव घेत होते, आई मूठ टाकत होत्या, वर चिमूटभर सव्वाची. समाधान. रूपाली. चंदन. (चंदन आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे, त्याचं नाव आलं की अजून तुझ्यासारखाच लाजतो.) मग आबांनी आईंचं नाव घेतलं, "भिकुबाई."

आईंनी मूठ भरली. परातीवर धरली. म्हणाल्या, "हाई दिपमालानी."

आबा हसायला गेले. "अक्का, नाव मी तुमचं घेतलं."

"माले ऐकू येस. मनं नाव तुम्ही लिधं, मूठ मी तिले दिधी."

तुझा दादा म्हणाला, "आई, अशी मूठ देता येत नाही."

"कसाले नही? मूठ मनी शे."

"अक्का," आबा आता हसत नव्हते, "मग यंदा तुमची मूठ कुठे? ज्याची मूठ नाही, तो..." पुढचं त्यांनी गिळलं.

"तो काय? बोला ना. चार वरीस मनी आंडेरनी मूठ नव्हती, तव्हय कोनी जीभ अडकनी नही."

आणि गहू सोडला. वर चिमूट टाकली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाकी ठेव परात."

मुठी होत्या तेवढ्याच झाल्या. रोट जास्त नाही, कमी नाही. आबांना बोट ठेवायला जागा राहिली नाही. तुझा दादा उठला आणि न्हाणीत जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिला. त्याने गव्हाला हातसुद्धा लावला नव्हता.

परवा रविवारी कानबाई बसते आहे. रविवारी नाही जमलं तर पौर्णिमेपर्यंत तुझा रोट झाकून ठेवीन. पुनमलाही फोन केला आहे. ती म्हणाली, सांगते.

ये, दीपा. नेसून ये की जीन्समध्ये ये, केस कापून ये की रंगवून ये. आई रोट खाणार नाहीत, त्यांची मूठ नाही. त्या फक्त तू खाताना बघणार आहेत.

रूपाली वहिनी


नशिराबाद, २० ऑगस्ट

दीपा,

तू आली नाहीस.

मी रागावून लिहीत नाही. पत्र मिळालं नसेल, नाच असेल, तिकीट नसेल, सगळं मनात आणून बघितलं. पुनम फोनवर नुसतं "सांगितलं वहिनी, सांगितलं" म्हणाली आणि तिचा आवाज मला बरा वाटला नाही. म्हणून पुढे विचारलं नाही.

इथे काय झालं ते तुला कळायला हवं.

कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी विसर्जनाला नदीवर गेली. आईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. रोटांना हात लावला नाही. सगळ्यांनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "मनं नही त्यामा." तुझा रोट स्टीलच्या डब्यात होता. रोज सकाळी त्या डबा मागायच्या, झाकण काढून बघायच्या, गुळाचा वास घ्यायच्या आणि मला परत द्यायच्या. रस्त्यावर रिक्षा थांबली की विचारायच्या, "कोन उनं?" दुपारी एकदा भोपळे विकणारा होता. एकदा शेजारची कुंदाबाई. ती डब्याकडे बघून म्हणाली, "भिकूअक्का, पोरीला नाचणं सोडून गिळायलाही वेळ नाही का?" तर आई तिला म्हणाल्या, "तुनी पोर शेजारच्या गल्लीमा शे, ती तरी कव्हय येस?" कुंदाबाई चहा न घेता गेली.

काल पौर्णिमा. राखीचाही दिवस. तुझा दादा शेतावर गेलाच नाही. सकाळपासून उजवा हात मांडीखाली दाबून बसल्यासारखा बसला होता. चार वर्षं त्या मनगटावर काही नाही, पण काल तो हात त्याला जड झाला होता. दिवेलागणीला म्हणाला, "आण तो डबा."

मी आणला. तो कानबाईच्या जागेसमोर बसला. रोट सुकून कडक झाला होता. त्याने तो मोडला आणि खाल्ला. दूध नाही, खीर नाही, कोरडाच. आई खाटेवरून बघत होत्या. मला म्हणाल्या, "पानी दे त्याले. गळामा अडकी."

पाणी पिऊन त्याने परत खाल्लं. डब्यात पडलेला भुगासुद्धा बोटाने टिपला. उरवायचं नसतं ना. मग तो बाहेर गेला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, "जा आत." मी गेले नाही. तो रडत होता.

आता जुलैच्या पत्रात लपवलं ते. आईंचे हात पावसाळी हवेने सुजत नाहीत. त्यांचं हृदय थकलं आहे. जळगावच्या डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं, मोठा उपाय या वयात नाही, गोळ्या आणि आराम. आईंनीच मला बजावलं होतं, "तिले सांगू नको. नाचताना पाय जड व्हतीन." मी त्यांचं ऐकलं. आता नाही ऐकत.

झालर त्यांनी डाव्या बाजूपासून सुरू केली आहे, मधल्या मोठ्या नाण्यापर्यंत आल्या आहेत. रोज दोन-तीनच सरी होतात. मी म्हणते, राहू द्या. त्या म्हणतात, "मंग उजवीकडे काय, उघडी नाची का ती?"

ये गं.

रूपाली वहिनी


नशिराबाद, २४ ऑक्टोबर

प्रिय दीपा,

तू गेल्यावर घर पुन्हा आपल्या कामाला लागलं. चंदनची परीक्षा आहे. दादा केळीत आहे. तुझी ओढणी दोरीवर राहिली होती, ती धुऊन या खोक्यात ठेवली आहे.

तुला मी एक गोष्ट सांगितली नाही. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू आलीस, दारात थांबलीस, चप्पल काढावी की नाही अशी. तेव्हा आबाच म्हणाले, "ये पोरी, तुझंच घर आहे." तू रडत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. तुझी पिशवी आबांनीच उचलून आत आणली. आता त्या माणसाविषयी माझ्या मनात काय ठेवायचं ते मला कळत नाही.

आणि दुसरी. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, तू आणि दादा बोलत होतात. मी आतल्या चुलीजवळ होते. जाऊ शकले असते, गेले नाही.

दादाने विचारलं, "वहिनीचं पत्र मिळालं होतं?"

तू म्हणालीस, "मिळालं होतं."

"मग?"

"आईची मूठ खायला येऊ मी? मी खाल्ली असती म्हणजे आईचं काही राहिलंच नसतं, दादा. मला वाटलं, मी नाही आले तर ती आपली मूठ परत घेईल. आपला रोट आपण खाईल."

मग दादा म्हणाला, "मी खाल्ली."

"काय?"

"ती मूठ. मी खाल्ली. उरवायची नसते." आणि मग, "टाकलेली मूठ परत घेता येत नाही, दीपा."

चार वर्षांनी त्याने तुझं नाव घेतलं होतं. पण ते तुला त्या वेळी ऐकू आलं का, मला माहीत नाही.

मी तुम्हा दोघांना सांगायला हवं होतं की आईंचं हृदय जूनमध्येच थकलं होतं, गव्हाचा त्यात काही दोष नव्हता. तुम्हाला ते ठाऊक आहे. तरी दोघंही आपापल्या वाट्याचा दोष धरून बसला आहात, हेही मला ठाऊक आहे. आईंनी तुला बोलवायला आपली मूठ दिली, तू त्यांना राखायला दूर राहिलीस, आणि दादाने परंपरा राखली. आईंनी कोणालाच बोल लावला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला फक्त विचारलं, "झालर कोठलोंग उनी?" मी म्हटलं, नाण्यापर्यंत. "आते तू कर," म्हणाल्या.

तुझा जयपूरचा नाच आता जवळ आला. तू म्हणालीस, मी नाचणार नाही, जुना लाल पोशाख घालून मागच्या ओळीत उभी राहीन. मी तेव्हा वाद घातला नाही. घरी सुतक होतं, पट्टा कपाटात होता.

मागच्या आठवड्यात काढला. आईंची सुई शेवटच्या सरीच्या दोऱ्यातच अडकलेली होती. ती मी काढली, पुढची सर ओवली, माझ्या मुठीत धरली. सव्वा मूठ. कापली, लावली, आणि लांबून बघितलं. आखूड. माझी मूठ लहान आहे, दीपा. मधल्या नाण्याच्या डावीकडे आईंच्या सरी आणि उजवीकडे माझी, मध्ये पायरी. फूटपट्टी घेऊन आईंच्या सरी मोजाव्यात असं वाटलं. पण त्या सगळ्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या ताठ आहेत, पुढे हात सुजत गेले तशा मूठ न मिटता घेतलेल्या, किंचित लांब. आकडा कुठला धरायचा? मी ती सर उसवली. परत ओवली. परत उसवली. मणी खाटेखाली सांडले आणि मी ते वेचत जमिनीवरच बसून राहिले.

दादा आला. शेतातल्या मातीचे पाय, तसाच दारात. म्हणाला, "काय झालं?"

"झालर जमत नाही. आईंच्या मुठीची हवी."

तो पट्ट्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने त्या कामाकडे सरळ कधी बघितलं नव्हतं. खोलीत आला तरी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे असायची.

"हे तिचं आहे?"

"हो."

तो हात धुऊन आला. खाटेच्या कडेला बसला, पट्ट्यापासून अंतर ठेवून. मग त्याने उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटली.

"धर," म्हणाला.

तोच पंजा. जाड बोटं, अंगठ्याच्या मागे तोच उंचवटा. मी दोरा त्याच्या मुठीत दिला. खाली एक बोट. गाठ मारली. पुढची सर. परत मूठ. तो भिंतीकडे बघत होता आणि मूठ माझ्याकडे होती. कधीमधी दोरा ओढला की त्याची मूठ हलायची, मी थांबायचे, तो परत आवळायचा. चंदनने जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब, आत्याचं काम चालू आहे."

एकदाच त्याने विचारलं, "नाचताना हे दिसतं का लोकांना?"

मी म्हटलं, "हेच दिसतं. दीपा थांबते, तरी झालर अजून थोडी हलत राहते. लोक तेवढंच बघत बसतात."

त्याने मान हलवली, जणू ही शेतातलीच काही गोष्ट आहे.

रोज संध्याकाळी बसलो. काल उजवी बाजू पूर्ण झाली. पट्टा या खोक्यात आहे, सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं त्याने आणून दिलं. खोकंही त्याने बांधलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी या वेळी माझं नाव लिहिलं नाही. दोरी तू कापली असशीलच, आता झाकण उलटून त्याचं नाव वाच.

पुढच्या श्रावणात कानबाई बसणार नाही, आईंचं वर्ष आहे. त्याच्या पुढच्या श्रावणाला अजून वेळ आहे. तेव्हा आबा असतील, मूठ माझी असेल, रोट जरा लहान होतील. नावं कोणाकोणाची घ्यायची, हे कोणी कोणाला विचारलेलं नाही. विचारायचं राहिलेलंही नाही.

उजवीकडच्या काही सरी वरखाली आहेत. त्याची मूठ मधून मधून कापत होती. उसवून सारख्या करता आल्या असत्या, मी केल्या नाहीत. पहिल्या फेरीत तुला उजव्या कमरेवर ते जाणवेल. घाबरू नकोस, पट्टा सरकणार नाही. घागर बसते तिथेच कापला आहे.

हूक श्वास भरून लाव.

तुझी,
रूपाली वहिनी